लॉन ट्रॅक्टर की गार्डन ट्रॅक्टर? नागपूरच्या मातीत यंत्र निवडण्याचा योग्य क्रम

वर्धा रोडला, हिंगण्याकडे, काटोल रोडवर किंवा उमरेडच्या दिशेला एक-दोन एकरांचं फार्महाउस घेतलं की दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत गवत मालकाला दमवतं. मग यंत्राचा शोध सुरू होतो, आणि तो बहुतेक वेळा उलट्या टोकानं होतो. आधी मॉडेल आवडतं, मग किंमत विचारली जाते आणि शेवटी दुकानात उभ्या उभ्या प्रश्न येतो: "याला मागून नांगरही लागतो ना?" विक्रेता म्हणतो, "हुक आहे ना मागे."

हुक असला म्हणजे नांगर ओढता येतो असं नाही. हा फरक न कळल्यामुळे चांगल्या यंत्रांचे गिअरबॉक्स पहिल्याच हंगामात जातात. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. दुकान सहाव्या टप्प्यानंतर येतं, त्याआधी नाही.

## आधी तीन यंत्रं वेगळी ओळखा

लॉन ट्रॅक्टर: पुढे पेट्रोल इंजिन, मध्ये पोटाखाली कापणीचा डेक, म्हणजे फिरती पाती झाकणारा पत्र्याचा खोका, मागची चाकं फार मोठी नाहीत. कापणीची रुंदी साधारण ३८ ते ५४ इंच. काम एकच: हिरवळ कापणं. फार तर हलकी ट्रॉली, गवत गोळा करायची पेटी किंवा खत पसरवायचा डबा ओढणं.

गार्डन ट्रॅक्टर: लांबून पाहिलं तर तसाच. पण चौकट जाड, पुढचा आस (अ‍ॅक्सल) ओतीव लोखंडाचा, मागची चाकं मोठी आणि गिअरबॉक्स भारी. त्यामुळे हिरवळ कापण्याबरोबरच छोटा नांगर, कल्टिव्हेटर, रोटरी टिलर अशी मातीत शिरणारी अवजारं त्याला चालतात.

मिनी ट्रॅक्टर: आपल्याकडे शेतीसाठी बनणारा ११ ते २५ एचपीचा. महिंद्रा युवराज २१५ हा १५ एचपीचा, कुबोटाचा निओस्टार ए२११एन हा २१ एचपीचा. खरा गार्डन ट्रॅक्टर आपल्या शोरूममध्ये क्वचितच उभा दिसतो. त्याचं मातीतलं काम इथे मिनी ट्रॅक्टरच करतो. म्हणून नागपुरात "लॉन की गार्डन" हा प्रश्न बऱ्याचदा "लॉन ट्रॅक्टर की मिनी ट्रॅक्टर" असाच सुटतो. पुढे गार्डन ट्रॅक्टरबद्दल मातीकामाचं जे लिहिलं आहे, ते मिनी ट्रॅक्टरलाही धरून चाला.

## टप्पा १: कामांची यादी, महिन्यांसकट

वहीत तीन रकाने आखा: मातीच्या वरचं, मातीच्या आतलं, ओढायचं. प्रत्येक कामापुढे महिना लिहा. महिना लिहिला नाही तर यादी निरुपयोगी आहे, कारण आपल्याकडे यंत्राची गरज वर्षभर सारखी नसते.

नमुन्यादाखल: जून ते सप्टेंबर हिरवळ दर आठवड्याला कापायची, हे मातीच्या वरचं. मृगाआधी भाजीच्या तुकड्याची वखरणी, ऑक्टोबरात पुन्हा एकदा, हे मातीच्या आतलं. शेणखताच्या आठ-दहा ट्रॉल्या मे महिन्यात, हे ओढायचं. धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, कुंदा आणि गाजरगवत हे तण मात्र वेगळं लिहा. ते यातल्या कुठल्याच रकान्यात नीट बसत नाही, त्याचं पुढे येईलच.

आता दुसऱ्या रकान्याकडे पाहा. तिथे एक जरी नोंद असेल आणि ती दरवर्षीची असेल, तर लॉन ट्रॅक्टर यादीतून काढा किंवा ते काम भाड्याच्या ट्रॅक्टरला द्या. तिसरा मार्ग नाही.

तपासा: दुसऱ्या रकान्यातली किती कामं खरोखर तुम्ही करणार आहात? "पुढे-मागे संत्री लावू" हे काम नाही. झाडं लावायचं वर्ष ठरलं असेल तरच लिहा.

## टप्पा २: टेप घेऊन वावरात उतरा

सातबारावर दोन एकर असले तरी कापायची हिरवळ दोन एकर नसते. घर, शेड, विहीर, रस्ता, झाडांची आळी वजा करा. उरलेलं क्षेत्र चौरस फुटांत काढा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौ. फूट, एकर म्हणजे ४३,५६० चौ. फूट.

मग वेळेचा हिशेब. ४२ इंची डेक म्हणजे ३.५ फूट. पट्टे एकमेकांवर थोडे चढवावे लागतात, म्हणून कामाची रुंदी सव्वातीन फूट धरा. ताशी ५ किमी वेगाने ताशी सुमारे ५३,००० चौ. फूट होतात. वळणं, झाडं, थांबणं यांत पाव भाग जातो. हाती उरतात ताशी ४०,००० चौ. फूट. म्हणजे मोकळ्या एकराला तासाच्या थोडं वर. हाच हिशेब मागे चालायच्या २१ इंची मोअरला, म्हणजे ढकलत न्यायच्या गवतकापणी यंत्राला, ताशी ३ किमी चालीने लावला तर एकराला चार तास लागतात. पावसाळ्यात आठवड्याला चार तास, तेही जुलैच्या दमट उकाड्यात.

माझं मत स्पष्ट आहे: प्रत्यक्ष कापायचं क्षेत्र १०,०००-१२,००० चौ. फुटांच्या आत असेल तर बसून चालवायचं कुठलंच यंत्र घेऊ नका. स्वतः पुढे सरकणारा पेट्रोल मोअर आणि एक ब्रश कटर (खांद्याला अडकवून चालवायचं गवतकापणी यंत्र) एवढ्यात काम भागतं. शेजाऱ्याकडे आहे म्हणून आपल्याकडे, हे ट्रॅक्टरच्या बाबतीत फार महाग पडतं.

याच फेरीत आणखी चार मापं घ्या:

- फाटक. डेकची कापणीची रुंदी आणि यंत्राची पूर्ण रुंदी वेगळी असते. बाजूला गवत फेकणारं तोंड बाहेर येतं. ४२ इंची डेकला ४२ इंची फाटक पुरत नाही. पूर्ण रुंदी माहितीपत्रकात पाहा.
- दोन झाडांमधली मोकळी जागा. संत्र्याची लागवड ६ बाय ६ मीटरवर असली तरी झाडांचा घेर ४ मीटर झाला की मध्ये २ मीटरच उरतात. बुंध्यापासून बुंध्यापर्यंत मोजू नका, फांदीच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा.
- खालच्या फांद्यांची उंची. मिनी ट्रॅक्टरची उलटण्यापासून वाचवणारी कमान आणि उभा सायलेन्सर यांना फांद्या अडतात.
- उतार. दहा फुटी सरळ पट्टी उताराच्या वरच्या बाजूला टेकवा, पाणसळ लावून आडवी करा आणि दुसऱ्या टोकाखालचं अंतर मोजा. अंतर पावणेदोन फूट असेल तर उतार १० अंशांचा, २ फूट ८ इंच असेल तर १५ अंशांचा. बहुतेक लॉन ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत १५ अंश ही कमाल मर्यादा असते, काहींत १० अंशच. आपल्या मॉडेलची पुस्तिका प्रमाण.

इशारा: लॉन ट्रॅक्टर उतारावर आडवा चालवत नाहीत, वर-खाली चालवतात. शेततळ्याच्या आणि नाल्याच्या काठावर मुळीच नको. तिथे ब्रश कटर.

## टप्पा ३: मातीला विचारा

नागपूरच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला बराच भाग बेसाल्टच्या काळ्या मातीचा आहे. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते. दोन्हीचा यंत्राशी थेट संबंध आहे.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा पाणी न मिळालेल्या काळ्या जमिनीला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. लॉन ट्रॅक्टरची पुढची चाकं लहान. ती भेगेत आपटली की डेक खाली बसतो आणि पातं माती खरवडतं. हिरवळीला टक्कल पडतं ते असं. पातं बोथट होतं ते वेगळंच.

पावसाळ्यात उलट. वरून हिरवंगार, खाली लोणी. लॉन ट्रॅक्टरचं एक चाक चिखलात गेलं की सगळा जोर त्याच चाकाला मिळतो, कारण बहुतेक लॉन ट्रॅक्टरना डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय) नसतो. चाक जागच्या जागी फिरत खड्डा करतं. मग ढकलायला माणसं बोलवा.

म्हणून वाफसा पाहायची सवय लावा. गवताखालची तीन-चार इंच खोलीवरची माती मुठीत घेऊन दाबा आणि गोळा कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर चला. चपटा होऊन चिकटला तर यंत्र शेडमध्येच राहू द्या, मग गवत कितीही वाढो.

तुमच्याकडे वर फूटभर मुरूम टाकून त्यावर लाल माती आणि हिरवळ केली असेल, जे बऱ्याच फार्महाउसवर करतात, तर लॉन ट्रॅक्टरचं आयुष्य सोपं आहे. फक्त मुरुमातले दगड डेकखाली येणार नाहीत, हे पाहा.

तपासा: कुदळीने तीन ठिकाणी फूटभर खड्डा घ्या. किती खोलीवर कठीण थर लागतो ते लिहा. चार-पाच इंचांवर लागत असेल तर टिलरची स्वप्नं तूर्त बाजूला ठेवा, आधी मोठ्या ट्रॅक्टरने एकदा खोल नांगरून घ्या.

## टप्पा ४: निर्णय

आता वही उघडा आणि यातली आपली ओळ शोधा.

कापणी अर्ध्या एकराहून जास्त, जमीन सपाट, मातीतलं काम नाही किंवा वर्षातून एकदा भाड्याने होतं: लॉन ट्रॅक्टर.

कापणी मोठी, हिरवळ नीटनेटकी हवी, आणि दहा-पंधरा गुंठे भाजी किंवा फुलझाडांची जमीनही दरवर्षी उकरायची: गार्डन ट्रॅक्टर, पण फक्त टप्पा ६ मधली अट पूर्ण झाली तरच.

बाग, शेणखत, फवारणी, रोटाव्हेटर ही मुख्य कामं आणि हिरवळ घरापुढे तेवढी: मिनी ट्रॅक्टर, सोबत हिरवळीसाठी वेगळा छोटा मोअर. मला स्वतःला दोन एकरांच्या वर ही जोडी सगळ्यात शहाणपणाची वाटते. मिनी ट्रॅक्टरला मागून स्लॅशर लावून गवत कापता येतं, पण चाकं आधी गवत दाबतात आणि पातं मागून येतं. कापणी होते, पण हिरवळीला गालिच्यासारखा सपाटपणा येत नाही. शिवाय शेतीचे खोल नक्षीचे टायर वळताना हिरवळ उचकटतात.

आणि धुऱ्यावरचं कमरेएवढं गवत? त्यासाठी लॉन ट्रॅक्टर घेऊ नका. हिरवळीच्या डेकला उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त एका वेळी कापायला लावायचं नसतं. कुंद्याचं जाड खोड पाती फिरवणारा पट्टा जाळतं. आधी ब्रश कटर, महिन्याने मग ट्रॅक्टर.

## टप्पा ५: एचपी विसरा, मागचं चाक पाहा

घोडं पेंड खातं ते इथेच. ग्राहक विचारतो "किती एचपी?" आणि २० एचपीचा लॉन ट्रॅक्टर १५ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरपेक्षा ताकदवान समजतो.

हिशेब करून पाहा. २० एचपीचं पेट्रोल इंजिन मिनिटाला ३,६०० फेऱ्यांना ती शक्ती देत असेल तर त्या वेळी त्याचा पीळ (टॉर्क) साधारण ४० न्यूटन मीटर असतो. १५ एचपीचं डिझेल इंजिन २,३०० फेऱ्यांना शक्ती देत असेल तर पीळ ४६ च्या आसपास. एचपी कमी, पीळ जास्त. मातीत फण अडकल्यावर कामी येतो तो पीळ, आणि तो जमिनीपर्यंत पोचवणारा गिअरबॉक्स, आस आणि वजन. लॉन ट्रॅक्टरच्या इंजिनाची बरीच शक्ती पाती फिरवण्यासाठीच दिलेली असते.

पुढे दुकानात यंत्र समोर आल्यावर या क्रमाने तपासा. सगळं मागे वाकून पाहावं लागतं. लाजू नका, जमिनीवर बसा.

मागच्या टायरवरचा आकडा. "२०x१०-८" म्हणजे बाहेरचा व्यास २० इंच, रुंदी १०, रिम ८ इंची. हा लॉन ट्रॅक्टर. "२३x१०.५-१२" किंवा "२६x१२-१२" दिसलं तर गार्डन वर्गाची शक्यता. मुद्दा फक्त टायरचा नाही, त्या टायरला साजेसा आस आत आहे का याचा.

चाक कशाने धरलं आहे. आसाच्या टोकाला फक्त एक सर्कलिप (खाचेत बसणारी कडी) आणि टोपी असेल, तर ते हलकं यंत्र. चार-पाच नटांनी हबला आवळलेलं चाक असेल तर मातीकामाच्या दिशेने पाऊल पडलं.

गिअरबॉक्सचं नाव. हायड्रोस्टॅटिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, क्लच न दाबता पेडलवर पुढे-मागे होणारा. आरामाचा आहे, पण त्यातही वर्ग असतात. टफ टॉर्क कंपनीचा के४६ हा २० इंची टायरच्या हलक्या लॉन ट्रॅक्टरसाठीचा, तर के६६ हा २३ इंची टायरच्या भारी यंत्रांसाठीचा. के४६ कारखान्यातून बंद येतो, तेल काढायला खाली बोल्ट नसतो. हिरवळ कापायला तो पुरेसा आहे. त्याच्यामागे नांगर लावला तर आतलं तेल तापतं, पातळ होतं आणि यंत्र उतारावर चढेनासं होतं. मेच्या दुपारी हे लवकर घडतं.

विक्रेत्याला तीनच प्रश्न विचारा: गिअरबॉक्सचा मॉडेल नंबर काय, त्यातलं तेल आणि फिल्टर बदलता येतात का, आणि मातीत शिरणारं अवजार लावल्यास वॉरंटी राहते का. तिसऱ्याचं उत्तर लेखी घ्या. पुस्तिकेत "मातीत शिरणारी अवजारं वापरू नयेत" अशा अर्थाचं वाक्य असेल तर तोंडी आश्वासनाला काही अर्थ नाही.

चौकट आणि पुढचा आस. पत्रा दुमडून केलेला आस हलका, ओतीव लोखंडाचा भारी. पुढच्या चाकांच्या आसाला ग्रीसचे निपल आहेत का पाहा. नसतील तर झीज झाल्यावर अख्खा भाग बदलावा लागतो.

मागची जोडणी. एका भोकाची पट्टी म्हणजे फक्त ट्रॉली. वर-खाली होणारी जोडणी हवी, आणि शक्य तर तीन बिंदूंची (थ्री-पॉइंट). पिनचा व्यास मोजा: गार्डन ट्रॅक्टरची शून्य श्रेणीची (कॅटेगरी ०) जोडणी खालच्या पिनला सुमारे १६ मिमीची, शेतीतली पहिली श्रेणी २२ मिमीची.

डेक. हात आत घालून पाहा, अर्थात इंजिन बंद आणि किल्ली खिशात. दाबून बनवलेला पातळ पत्रा घरगुती हिरवळीला चालतो. दगड-मुरूम असेल तर जाड पत्रे जोडून केलेला डेक घ्या.

थांबा: वरच्यापैकी गिअरबॉक्स किंवा चाकाची पकड हलक्या वर्गाची निघाली, तर बाकी सगळं भारी असलं तरी ते यंत्र लॉन ट्रॅक्टरच आहे. बोनेटवर काहीही लिहिलेलं असो.

## टप्पा ६: अवजार आधी, ट्रॅक्टर नंतर

ट्रॅक्टर घेतल्यावर अवजार शोधणं ही सगळ्यात महाग चूक. शून्य श्रेणीची अवजारं आपल्याकडे सहज मिळत नाहीत. गावातला फॅब्रिकेटर जे करतो ते पहिल्या श्रेणीचं, बहुधा ३५ एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरच्या मापाचं. ते तुमच्या छोट्या यंत्राला लावलं की पुढची चाकं उचलली जातात.

म्हणून पहिल्या टप्प्यातल्या दुसऱ्या रकान्यातलं प्रत्येक अवजार कुठे मिळणार, कोणत्या श्रेणीचं, किती रुंदीचं आणि किती दिवसांत, हे आधी ठरवा. १५-२० एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला साधारण ३ ते साडेतीन फुटी रोटाव्हेटर पेलतो. चाकांच्या बाहेरच्या रुंदीपेक्षा रोटाव्हेटर अरुंद असेल तर चाकाचा माग उकरायचा राहतो, हेही पाहा.

गार्डन ट्रॅक्टर घेणाऱ्यांसाठी अट हीच आहे. अवजार हातात येण्याची खात्री नसेल तर टप्पा ४ कडे परत जा आणि मिनी ट्रॅक्टरचा विचार करा.

संत्र्याची बाग असणाऱ्यांना वेगळी सूचना. संत्र्याची अन्न घेणारी मुळं वरच्या थरातच पसरलेली असतात. घेराखाली रोटाव्हेटर खोल घातला तर ती तुटतात. आणि डेकचा किंवा ट्रॉलीचा कोपरा बुंध्याला घासला, साल निघाली, तर त्या जखमेतून डिंक्या रोगाला वाट मिळते. बुंध्याभोवती हाताने खुरपा, यंत्र ओळीच्या मध्येच. ठिबकच्या नळ्या कापणीच्या दिवशी झाडाच्या बुडाशी सरकवून ठेवा. डेकमध्ये गुंडाळलेली १६ मिमीची नळी सोडवणं हा वेगळाच उद्योग होतो.

## टप्पा ७: इंधन

मिनी ट्रॅक्टर बहुतेक डिझेलचे, प्रश्न मिटला. लॉन आणि गार्डन ट्रॅक्टर बहुतेक पेट्रोलचे, आणि आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं, म्हणजे ई२०. बऱ्याच परदेशी छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत कमाल १० टक्के इथेनॉल लिहिलेलं असतं. यंत्र घेताना पुस्तिकेतलं इंधनाचं पान उघडून विक्रेत्यासमोर वाचा आणि ई२० चालतं का, हे बिलावर लिहून घ्या.

तसंच, नोव्हेंबरनंतर यंत्र महिनोन् महिने उभं राहतं. टाकीत जुनं पेट्रोल राहिलं की इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि कार्ब्युरेटर खराब होतो. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

## टप्पा ८: डेमो, पण तुमच्या वावरात

शोरूमच्या फरशीवर सगळीच यंत्रं छान चालतात. डेमो आपल्या जमिनीवर मागा, शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये वाफशावर. त्यात एवढं करून घ्या:

1. यंत्र अर्धा तास सलग चालू द्या. थंड हायड्रोस्टॅटिक नेहमीच चांगला वाटतो.
2. गरम झाल्यावर सर्वांत जास्त उताराच्या जागी, जो पुस्तिकेतल्या मर्यादेत आहे, सरळ चढवा. वेग पडतो का, कण्हतो का, ऐका.
3. मातीकामाचं यंत्र असेल तर अवजार लावूनच पाहा. चार इंच खोलीवर चाक घसरतं का?
4. फाटकातून आणि सर्वांत अरुंद ओळीतून काढा.
5. यंत्र रोज चालवणारा माणूस बसवा. गडी चालवणार असेल तर मालकाने बसून उपयोग नाही.

डेमो देत नाहीत? मग तसंच मॉडेल घेतलेल्या ग्राहकाचं नाव मागा आणि त्याच्याकडे जाऊन पाहा. पट्टा, पाती आणि फिल्टर नागपुरात तयार मिळतात की मागवावे लागतात, हे त्यालाच विचारा. दुकानदाराचं उत्तर नेहमी "दोन दिवसांत" असतं.

## टप्पा ९: कागद आणि अनुदान

लॉन ट्रॅक्टर रस्त्यावर चालवायचं वाहन नाही. तुमचा दुसरा प्लॉट रस्त्यापलीकडे असेल तर तो ट्रॉलीवर न्यावा लागेल. मिनी ट्रॅक्टरची नोंदणी आरटीओत होते. शहर एमएच ३१, ग्रामीण एमएच ४०, पूर्व एमएच ४९. पत्त्याप्रमाणे कुठलं कार्यालय लागतं, ते आधी पाहा.

अनुदानात क्रम चुकला की पैसे गेले. महाडीबीटी पोर्टलवरचं कृषी यांत्रिकीकरण शेतकऱ्यासाठी आहे: सातबारा आणि ८-अ तुमच्या नावावर हवा. अकृषक प्लॉटवरच्या हिरवळीसाठी ते नाही. आधी अर्ज, मग निवड, मग पूर्वसंमती, त्यानंतरच खरेदी आणि बिल. दसऱ्याच्या मुहूर्तावर ट्रॅक्टर आणून दिवाळीत अर्ज करणारे दरवर्षी भेटतात. त्यांना काही मिळत नाही.

## टप्पा १०: यंत्र घरी आल्यावर

डेकची जुळवणी खालच्या क्रमाने. क्रम उलटा केला तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

1. सपाट फरशीवर उभं करा. स्पार्क प्लगची वायर काढा.
2. चारही टायरची हवा पुस्तिकेप्रमाणे भरा. दोन बाजूंच्या हवेत फरक असेल तर डेक तिरका होतो आणि लोक डेकचे बोल्ट फिरवत बसतात.
3. पातं आडवं करून डाव्या-उजव्या टोकांची जमिनीपासूनची उंची मोजा. फरक ३ मिमीच्या आत आणा.
4. मग पातं उभं करून पुढचं टोक मागच्यापेक्षा ३ ते १० मिमी खाली ठेवा.
5. शेवटी कापणीची उंची ठरवा. उन्हाळ्यात एक खाच वर.

सुरक्षेचं, न विसरता: सीटखालचा स्विच आणि रिव्हर्सचा स्विच वायर जोडून बंद करू नका. मेकॅनिक "त्रास मिटवून देतो" म्हणेल, नाही म्हणा. मांडीवर पोरं घेऊन चालवू नका. मिनी ट्रॅक्टरची कमान उभी असेल तेव्हा सीटबेल्ट लावा. फांद्यांखाली कमान दुमडली असेल तेव्हा सीटबेल्ट लावू नका. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात प्रत्येकाच्या डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला असतो. पीटीओचा शाफ्ट, म्हणजे मागचं अवजार फिरवणारा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्या मारतो. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं असेल तर काम बंद, आणि शाफ्टजवळ जाणाऱ्याने दुपट्ट्याची टोकं शर्टात खोचायची, साडीचा पदर कमरेला घट्ट.

एअरकूल इंजिनाच्या पंखांत वाळलेलं गवत अडकतं. एप्रिल-मेमध्ये यंत्र चालत असेल तर दर आठवड्याला ब्रशने साफ करा, नाहीतर इंजिन तापून बसतं. ओल्या कापणीनंतर डेकखालचं गवत त्याच दिवशी काढा, सुकल्यावर ते सिमेंट होतं आणि खाली पत्रा सडतो. शेड बंद असेल तर उंदीर वायरी कुरतडतात. बोनेटखाली नजर टाकल्याशिवाय हंगामाचं पहिलं स्टार्ट मारू नका.

पहिलं इंजिन ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या तासांना बदला. लॉन ट्रॅक्टरला हा आकडा बऱ्याचदा पहिल्या ५ ते १० तासांचा असतो, मिनी ट्रॅक्टरला साधारण ५० तासांचा. त्याच वेळी मागच्या चाकांचे नट, डेकचे बोल्ट आणि पात्याचा बोल्ट टॉर्क पान्याने आवळून घ्या. तासमीटरचा आकडा आणि तारीख शेडच्या दारामागे खडूने लिहून ठेवा, म्हणजे गडी बदलला तरी पुढच्या सर्व्हिसचा हिशेब चुकणार नाही.